‘उचलले जाण्या’ची भीती : रॅप्चरची शिकवण बायबलमध्ये किती, आणि बायबलबाहेर किती?

२३ आणि २४ सप्टेंबर २०२५ या दोन दिवसांत येशू ख्रिस्त आपल्या लोकांना आकाशात उचलून नेणार, असे दक्षिण आफ्रिकेतील एका प्रवचनकाराने जाहीर केले होते. येशूने आपल्याला दर्शन देऊन तारीख सांगितली, असा त्याचा दावा होता. टिकटॉकवर ही बातमी वणव्यासारखी पसरली. भारतात टिकटॉक २०२० पासून बंद आहे, पण रील्स आणि व्हॉट्सॲपला कोण अडवणार? नायगाव, परळ, लालबाग भागातील काही तरुण कार्यकर्त्यांनी त्यानंतर आम्हाला विचारले की हे रॅप्चर म्हणजे नेमके काय. कुणाची मावशी प्रार्थना सभेला जाऊ लागली आहे, कुणाच्या वर्गमित्राने ‘तू मागे राहशील’ असे गंभीरपणे सांगितले आहे, कुणाला रात्री झोप लागलेली नाही.

२४ सप्टेंबर गेला, २५ उजाडला, लोकल नेहमीप्रमाणे उशिरा आली. यावर हसून विषय संपवता येईल. पण आज हसलो तरी पुढच्या तारखेला हीच भीती पुन्हा येईल. आणि दुसऱ्या टोकाला, ‘धर्मांतर करणाऱ्यांना धडा शिकवा’ म्हणत लाठ्या घेऊन फिरणाऱ्यांच्या रांगेत तर आपण कधीच उभे राहू शकत नाही. धम्माचा मार्ग परीक्षणाचा आहे. म्हणून ही शिकवण काय आहे, ती ख्रिस्ती धर्मग्रंथात कुठे आहे, कुठे नाही, आणि मुंबईतले बहुसंख्य ख्रिस्ती बांधव तरी ती मानतात का, हे आम्ही येथे मांडत आहोत.

शिकवण थोडक्यात

येशू एक दिवस परत येईल, मेलेल्यांचे पुनरुत्थान होईल आणि न्याय होईल, हा विश्वास जवळपास सर्व ख्रिस्ती पंथांत आहे. याला ‘दुसरे येणे’ किंवा ‘पुनरागमन’ म्हणतात. रॅप्चर म्हणजे हे नव्हे. रॅप्चर मानणारे पुनरागमनाचे दोन टप्पे करतात. पहिल्या टप्प्यात येशू गुपचूप, अर्ध्या वाटेपर्यंत, म्हणजे ढगांपर्यंत येतो आणि खऱ्या विश्वासणाऱ्यांना जिवंतपणी वर उचलून घेतो. उरलेले जग मागे राहते. त्यानंतर सात वर्षांचे महासंकट, त्यात ‘ख्रिस्तविरोधका’चे राज्य, युद्ध, दुष्काळ, रोगराई. मग दुसऱ्या टप्प्यात येशू उघडपणे पृथ्वीवर येऊन हजार वर्षे राज्य करतो. मराठी प्रार्थना सभांत याला ‘मंडळीचे उचलले जाणे’ म्हणतात. हे उचलणे महासंकटाच्या आधी होणार, मध्ये होणार की शेवटी, यावरही त्यांच्यात एकमत नाही. सर्वात जास्त प्रचार ‘आधी’वाल्यांचा आहे, कारण त्यात त्रासातून संपूर्ण सुटका आहे.

आपल्या तरुणांना जी भीती घातली जाते ती या ‘मागे राहण्या’ची. आई गेली, बहीण गेली, घरात फक्त कपडे पडलेले, आणि तू एकटा. १९७२ साली अमेरिकेत ‘अ थीफ इन द नाइट’ नावाचा चित्रपट याच कल्पनेवर निघाला आणि तो चर्चच्या सभागृहांतून दाखवला गेला. १९९५ पासून ‘लेफ्ट बिहाइंड’ ही सोळा कादंबऱ्यांची मालिका आली आणि कोट्यवधी प्रती खपल्या. आज रील्समध्ये रिकाम्या मोटारी आणि रिकामे विमान दिसते, त्या दृश्यांचा उगम येथे आहे. बायबलमध्ये अशी दृश्ये नाहीत.

मग बायबलमध्ये काय आहे?

रॅप्चर हा शब्द बायबलच्या मूळ भाषेत नाही. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. तेथे ‘हार्पाझो’ असे क्रियापद आहे, अर्थ झडप घालून उचलणे, ओढून नेणे. जेरोमच्या लॅटिन भाषांतर-परंपरेत त्याचे ‘रॅपिएमुर’ झाले आणि त्यावरून पुढे इंग्रजीत रॅप्चर शब्द आला. नंतरच्या भाषेतला शब्द आहे म्हणून कल्पना खोटी, असे म्हणणे मात्र बरोबर नाही. खरा प्रश्न त्या ओळी काय सांगतात हा आहे.

मुख्य आधार एकच आहे : पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र, चौथा अध्याय, १३ ते १८ ही वचने. इसवी सन ५० च्या आसपास लिहिलेले हे पत्र नव्या करारातील सर्वात जुन्या लिखाणांपैकी एक मानले जाते. थेस्सलनीका हे ग्रीसमधले बंदराचे शहर. तेथील छोट्या मंडळीत काही जण वारले होते. मागे राहिलेल्यांना दुःख होते की येशू परत येईल तेव्हा हे आपले मेलेले लोक त्या सोहळ्याला मुकतील. पौल त्यांचे सांत्वन करतो. काळजी करू नका, आधी मेलेले उठतील, मग जे जिवंत आहेत तेही त्यांच्याबरोबर ढगांत उचलले जातील आणि सगळे मिळून प्रभूला सामोरे जातील. आणि शेवटी सांगतो की या शब्दांनी एकमेकांना धीर द्या.

युवकांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा मजकूर मुळात शोकात असलेल्या कुटुंबांना लिहिलेले सांत्वनाचे पत्र आहे. त्यात मागे राहणाऱ्यांबद्दल एक शब्द नाही. सात वर्षांचे महासंकट नाही. गुपचूप येणे तर नाहीच. उलट तेथे मोठी आज्ञा आहे, देवदूताचा आवाज आहे, तुतारी आहे. तुतारी वाजवून कुणी गुपचूप येत नाही.

आणखी एक बारकावा. ‘सामोरे जाणे’ यासाठी पौलाने ‘अपांतेसिस’ हा ग्रीक शब्द वापरला आहे. राजा किंवा मोठा अधिकारी शहरात येणार असला की नागरिक वेशीबाहेर जाऊन त्याचे स्वागत करीत आणि त्याला घेऊन शहरात परत येत, त्या प्रसंगी हा शब्द येई. बायबलमध्येच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात रोमचे बंधू पौलाला वाटेत सामोरे जातात आणि त्याच्यासह रोमकडेच वळतात, तेथेही हाच शब्द आहे. वर्षावासासाठी भिक्खू संघ येतो तेव्हा आपण उपासक-उपासिका नाक्यापर्यंत फुले घेऊन जातो. पाहुण्यांना भेटून आपण त्यांच्या गावी निघून जात नाही, त्यांना घेऊन विहारात येतो. अनेक ख्रिस्ती अभ्यासक याच आधारावर म्हणतात की पौलाचे चित्र पृथ्वी सोडून पळण्याचे नाही, पृथ्वीवर येणाऱ्याचे स्वागत करण्याचे आहे.

दुसरा नेहमीचा आधार मत्तय २४ मधील. शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. जात्यावर दोघी दळत असतील, त्यांचेही तसेच. प्रार्थना सभेत ‘घेतला जाणारा’ म्हणजे वाचलेला असे सांगतात. पण त्याच्या अगदी आधीच्या ओळींत नोहाच्या काळाचा दाखला आहे. पूर आला आणि बेसावध लोकांना वाहून घेऊन गेला. मागे राहिला तो नोहा. म्हणजे त्या दाखल्यानुसार नेले जाणारे बुडाले आणि मागे राहिलेला तगला! या ओळींचा अर्थ कसा लावावा यावर ख्रिस्ती अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ‘तू मागे राहशील’ ही धमकी त्यावर उभी करणे अवघड आहे. याच अध्यायात ३६ व्या वचनात स्पष्ट आहे की तो दिवस आणि ती घटका कुणालाही ठाऊक नाही. देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. तारीख सांगणारा प्रत्येक जण स्वतःच्याच ग्रंथाविरुद्ध बोलत असतो.

करिंथकरांस पहिल्या पत्रातील १५ वा अध्याय डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सगळे बदलून जातील असे म्हणतो, पण तो पुनरुत्थानाबद्दल आहे. योहान १४ मध्ये येशू शिष्यांना सांगतो की मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो आणि परत येऊन तुम्हाला जवळ घेईन. सात वर्षांचा हिशोब दानीएलाच्या नवव्या अध्यायातील ‘सत्तर सप्तकां’वरून काढला जातो, आणि त्यासाठी ६९ व्या व ७० व्या सप्तकाच्या मध्ये आजवरच्या दोन हजार वर्षांची मोकळी जागा सोडावी लागते. ही जागा मूळ मजकुरात लिहिलेली नाही. प्रकटीकरण हे शेवटचे पुस्तक तर रोमन साम्राज्याच्या छायेत जगणाऱ्या छोट्या मंडळ्यांसाठी प्रतिमांच्या भाषेत लिहिलेले आहे. त्यातील पशूची खूण आणि ६६६ हा आकडा काढून कधी बारकोड, कधी आधार कार्ड, कधी करोनाची लस यांना जोडला गेला. मिझोराममधील काही ख्रिस्ती गटांनी याच कारणाने आधारला विरोध केला होता.

म्हणजे एक ओळ पौलाची, एक मत्तयाची, एक हिशोब दानीएलाचा, एक पशू प्रकटीकरणाचा. चार वेगवेगळ्या पुस्तकांतील तुकडे कुणीतरी एका माळेत ओवले. ते केव्हा ओवले?

दोनशे वर्षांहून कमी वयाची कल्पना

आज ज्या स्वरूपात ही शिकवण सांगितली जाते त्या स्वरूपात ती १८३० च्या दशकात पुढे आली. जॉन नेल्सन डार्बी हे आयर्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू. प्रस्थापित चर्चवर नाराज होऊन ते ‘ब्रदरेन’ मंडळाच्या प्रमुखांपैकी एक झाले. डब्लिनजवळ पॉवर्सकोर्ट येथे १८३१ पासून भविष्यकथनांच्या अभ्यासासाठी बैठका भरत. दोन टप्प्यांच्या पुनरागमनाची मांडणी याच वातावरणात आकाराला आली. ख्रिस्ती धर्माची पहिली अठराशे वर्षे या मांडणीवाचून गेली.

यात मुंबईचाही एक धागा आहे. ब्रदरेन मंडळाच्या सुरुवातीच्या माणसांपैकी अँथनी नॉरिस ग्रोव्ह्स हे पेशाने दंतवैद्य. धंदा सोडून ते बगदादला गेले. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी गमावली आणि १८३३ साली मुंबईस आले. पुढे त्यांचे काम दक्षिण भारतात झाले. याच ग्रोव्ह्स यांनी १८३६ साली डार्बींना पत्र लिहून बजावले होते की तुम्ही संकुचित होत चालला आहात, दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर एकी उभी करीत आहात. घरातूनच झालेली ही टीका आम्हाला महत्त्वाची वाटते.

डार्बींनी १८६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेचे अनेक दौरे केले. पण कल्पना घरोघरी गेली ती १९०९ साली, स्कोफील्ड यांच्या बायबलमुळे. या आवृत्तीत वर बायबलचा मजकूर आणि त्याच पानावर खाली स्कोफील्ड यांच्या टिपा होत्या. साध्या वाचकाला वरचे आणि खालचे वेगळे करता आले नाही, टीपच शास्त्र झाली. (आपल्याकडे सुत्त आणि अट्ठकथा यांत हीच गल्लत होते, हे येथे सांगून ठेवतो.) त्यानंतर १९७० साली हॅल लिंडसे यांचे ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ आले. शीतयुद्ध, इस्रायल, अणुबॉम्ब यांना भविष्यवाणीत बसवणाऱ्या या पुस्तकाच्या प्रचंड प्रती खपल्या. दूरचित्रवाणीवरील अमेरिकन प्रवचनकारांनी ते सर्व जगभर नेले. आज एखाद्या चाळीच्या खोलीत मराठीतून सांगितले जाणारे रॅप्चर या वाटेने आलेले आहे.

गिरगाव-दादरची चर्चेस काय मानतात?

दादरचे पोर्तुगीज चर्च सर्वांना माहीत आहे. गोखले रोडवरील या चर्चची स्थापना १५९६ ची, आणि आजची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची. गिरगावातील खोताच्या वाडीतील ईस्ट इंडियन कुटुंबे, माहीम, दादर, माझगाव येथील कॅथलिक बांधव, या कुणाच्याही चर्चची शिकवण रॅप्चर नाही. कॅथलिक चर्च पुनरागमन मानते, पण हजार वर्षांच्या ऐहिक राज्याची कल्पना त्याच्या अधिकृत धर्मशिक्षणाने नाकारलेली आहे. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आदी मंडळ्या १९७० साली एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तिची अधिकृत शिकवणही दोन टप्प्यांची नाही. ही शिकवण मुख्यतः ब्रदरेन, पेन्टेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांत आहे. तेव्हा ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ असे सरसकट वाक्य कार्यकर्त्याने बोलू नये. ते चुकीचे आहे आणि आपल्या शेजाऱ्यांवर अन्याय करणारे आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या बाबतीत दोन प्रवाह दिसतात. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले, पुढे ते पुण्यास गेले आणि त्यातून केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. १९०५ साली तेथे मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करीत. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर लिहिलेले पुस्तक जगभरच्या पेन्टेकॉस्टल चळवळीत वाचले गेले. त्या चळवळीत प्रभूचे येणे अगदी जवळ आले आहे ही भावना तीव्र होती. पण ध्यानात घ्या, शेवट जवळ आला म्हणून रमाबाई हात जोडून बसल्या नाहीत. दुष्काळात सापडलेल्या मुली आणल्या, छापखाना चालवला, मुलींना कामे शिकवली, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर राबल्या.

दुसरा प्रवाह रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्वांना त्यात जागा होती. येथे ओढ आकाशात जाण्याची नाही, येथे जमिनीवर बंधुभाव उभा करण्याची आहे. मराठी ख्रिस्ती माणसाचा वारसा या दोघांचा आहे. अमेरिकन कादंबऱ्यांतून आलेली भीती हा त्याच्यावर चढलेला अगदी अलीकडचा थर आहे.

तारखांचे काय झाले ते पटकन पाहू. विल्यम मिलर या अमेरिकन शेतकरी-उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, त्या दिवसाला इतिहासात ‘महानिराशा’ म्हणतात. एडगर व्हिझनंट यांनी सप्टेंबर १९८८ साठी ८८ कारणे दिली. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, चुकल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली, तीही चुकली, आणि पुढच्या वर्षी तारखा सांगणे चूक होते असे कबूल केले. दरम्यान त्यांच्या अनुयायांपैकी कित्येकांनी आयुष्याची बचत जाहिरात फलकांवर घालवली होती. तारीख चुकली तर शिकवण सोडायला हवी असे आपल्याला वाटते, पण बहुतेक वेळा लोक फक्त तारीख बदलतात. म्हणून केवळ चुकलेल्या तारखा दाखवून कुणाचे मत बदलत नाही, हा अनुभव कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा.

आपल्या ग्रंथात जगाचा शेवट आहे का?

आहे. आणि तो लपवण्याचे कारण नाही. अंगुत्तर निकायात सत्तसूरिय सुत्त आहे. एकामागून एक सात सूर्य उगवतील, नद्या, महासागर आटतील, पर्वतराज सुमेरूही जळून जाईल. पण तथागत हे कशासाठी सांगतात? इतका मोठा पर्वतही टिकत नाही, तर संस्कार अनित्य आहेत हे ओळखा, एवढ्यासाठी. तेथे तारीख नाही, निवडलेल्यांची यादी नाही.

याहून महत्त्वाचे दीघ निकायातील २६ वे, चक्कवत्ती सीहनाद सुत्त. मैत्रेय बुद्धाचा उल्लेख येथेच येतो, आणि दक्षिण-पूर्व आशियातील बौद्ध देशांत ‘मैत्रेय म्हणजे येशूच’ असे सांगणारे साहित्य फिरवले गेले आहे. म्हणून हे सुत्त आपल्या प्रत्येक युवकाने मुळातून वाचले पाहिजे. कथा अशी. चक्रवर्ती राजांच्या परंपरेत एक राजा असा होतो की तो रक्षण करतो, पण गरिबांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी येते. पहिल्या चोराला राजा पैसे देतो, तर चोऱ्या वाढतात. मग तो मुंडके उडवू लागतो, तर चोरही शस्त्रे घेतात. हिंसा, खोटे, चहाडी, व्यभिचार वाढत जातात आणि माणसाचे आयुष्य ऐंशी हजार वर्षांवरून दहा वर्षांवर येते. शेवटी सात दिवस माणसे एकमेकांना पशू समजून कापतात.

त्या सात दिवसांत काही माणसे जंगलात, दऱ्याखोऱ्यांत लपतात. मारायचे नाही आणि मरायचे नाही असे ठरवून. आठव्या दिवशी ती बाहेर येतात, एकमेकांना मिठी मारतात, ‘तू जिवंत आहेस!’ असे म्हणतात, आणि ठरवतात की आता हिंसा सोडायची. मग चोरी सोडतात, खोटे सोडतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या आयुष्य वाढत जाते. मैत्रेय येतात ते जग पुन्हा सावरल्यानंतर, माणसांनी ते स्वतः सावरल्यानंतर.

रॅप्चरशी ताडून पाहा. तेथे संकटाचे कारण आकाशातील वेळापत्रक आहे, येथे कारण राज्यकर्त्याने गरिबांना वाटा नाकारणे हे आहे. तेथे चांगले लोक निघून जातात, येथे वाचलेले परत येऊन एकमेकांना शोधतात. आणि हे सुत्त सुरू होते ते स्वतःचे द्वीप व्हा, स्वतःला शरण जा, या उपदेशाने.

हाच उपदेश दुसऱ्या एका ठिकाणी आपल्या इतिहासात आला आहे. ३१ मे १९३६ रोजी दादरच्या नायगावात मुंबई इलाखा महार परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण केले. धर्मांतर का करायचे याची त्यांनी लोकांपुढे कारणांसह, लाभ-हानीसह, चर्चा केली. भीती दाखवली नाही. शेवटी महापरिनिब्बानाच्या वेळी तथागतांनी आनंदाला केलेला अत्तदीपाचा उपदेश सांगितला आणि निर्णय लोकांवर सोपवला. त्यानंतर वीस वर्षे विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ आला. एका बाजूला वीस वर्षांचा विचार, दुसऱ्या बाजूला ‘आज रात्रीच निर्णय घे, उद्या उशीर होईल’ ही घाई. धर्म स्वीकारण्याच्या या दोन पद्धतींत किती अंतर आहे!

बाबासाहेबांना येशूबद्दल आदर होता. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला ओढून घेतल्याचे सांगितले. पण धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी एक धोका नेमका दाखवला. तुझ्या दुःखाचे कारण समाजव्यवस्था नसून आदिपाप आहे असे माणसाला शिकवले की त्या व्यवस्थेशी लढण्याची त्याची उमेद जाते. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात त्यांनी बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे, हा फरक मांडला. रॅप्चरबद्दल आमचा आक्षेप याच जागी आहे. बीडीडी चाळीच्या पुनर्विकासाची बैठक, गिरणी कामगारांच्या घरांचा पाठपुरावा, शिष्यवृत्तीचा अर्ज, हे सारे उद्या जग संपणार असेल तर कशाला करायचे? लालबाग-परळच्या माणसाने जे काही मिळवले ते मोर्चा काढून, संघटना बांधून मिळवले आहे.

घरात, चाळीत काय करावे

पहिली गोष्ट, प्रार्थना सभेला जाणाऱ्या मावशीशी वाद घालण्याआधी ती का जाते ते पाहा. बहुतेक ठिकाणी घरात आजारपण असते, दारू असते, मृत्यू झालेला असतो, आणि त्या मंडळीतील कुणीतरी तिची रोज विचारपूस केलेली असते. आपल्या विहारातून कुणी गेले होते का? वंदना रविवारी होते, पण मंगळवारी संध्याकाळी केईएमच्या वॉर्डाबाहेर एकट्या बसलेल्या बाईला सोबत कोण करते? या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नसेल तर ग्रीक शब्दांचे ज्ञान उपयोगाचे नाही.

घाबरलेल्या धाकट्या भावाबहिणीची चेष्टा करू नका. थेस्सलनीकाकरांस पत्र त्यांच्यासमोर उघडा आणि पूर्ण अध्याय वाचायला लावा. आधी कुणी रडत होते आणि पौल त्यांना धीर देत होता, हे त्यांना स्वतःलाच दिसेल. मग चक्कवत्ती सुत्त वाचा. रात्री रील्स पाहणे काही दिवस बंद ठेवा. भीती फारच वाढली असेल, शाळा-कॉलेज, जेवण-झोप सुटली असेल तर सरळ डॉक्टरांकडे न्या.

ज्यांना खरोखर ख्रिस्ती व्हायचे आहे त्यांना संविधानाच्या कलम २५ नुसार तो हक्क आहे, आणि तो हक्क आपल्यालाही आहे म्हणूनच १९५६ घडले. मात्र निर्णय घेणाऱ्याने हेही माहीत करून घ्यावे की १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा आहे, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. दलित ख्रिस्ती बांधवांची याविरुद्धची लढाई न्याय्य आहे असे आमचे मत आहे. पण सभेत रडून केलेल्या घाईच्या निर्णयाचे परिणाम जातपडताळणी समितीपुढे उभे राहिल्यावर कळतात, तेव्हा बोलावणारा उपदेशक सोबत नसतो.

आणि कुणी ‘चला, त्यांची सभा उधळू’ म्हणून बोलवायला आले तर जायचे नाही. त्याऐवजी त्या मंडळीच्या पाळकांना विहारात चहाला बोलवा. मत्तय २४ चे ३६ वे वचन ते कसे वाचतात, ते आदराने विचारा, त्यांचे उत्तर शेवटपर्यंत ऐका, आणि चक्कवत्ती सुत्ताची मराठी प्रत त्यांच्या हाती द्या.